दोन्या ओतिलियाचा साखरपुडा

त्या वळणावर दर हिवाळ्यात कुणाची ना कुणाची गाडी अडकते, म्हणून मी तिथे पिकअप नेहमीच हळू करते. त्या सकाळी एक करडी गाडी रस्त्याकडेच्या बर्फात नाक खुपसून उभी होती. बर्फात घसरू नये म्हणून चाकांना बांधतात त्या साखळ्या नव्हत्या. आत एक माणूस दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसला होता, गाडी अजून चालूच असावी तसा.

मी काचेवर टकटक केलं.

"लागलं का कुठे?"

"नाही."

"मग उतरा ना. दोर बांधून ओढून काढू."

त्याने दार उघडलं, एक पाय बाहेर काढला, आणि तो पाय तसाच बर्फाच्या वर अधांतरी धरून ठेवला. गार पाण्यात उतरताना आपण थबकतो ना, तसा.

"बर्फ चावत नाही," मी म्हटलं.

"ठाऊक आहे. मी इथलाच आहे."

तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिलं. पायात पातळ शहरी बूट, अंगात शहरी कोट, दाढीचे खुंट वाढलेले. डोळे मात्र इथल्या डोंगरांकडे बघायला शिकलेले... बारीक करून, कडेकडेने बघणारे.

"इथला माणूस, आणि साखळ्यांशिवाय?"

"हिवाळ्यात बरीच वर्षं आलो नाही."

मग तो उतरला. गाडीला दोर त्यानेच बांधला, आणि बांधला तो पक्का.

"गाठ छान येते तुम्हाला."

"हात विसरत नाहीत," तो म्हणाला. "बाकी सगळं विसरायला बघतोय."

गाडी बाहेर निघाली, पण पुढचं चाक वाकलं होतं. ती तिथेच ठेवून तो माझ्या पिकअपमध्ये बसला. सीटवर माझा पसारा होता. लोकरी पांढरी शाल, सुक्या फुलांचा गुच्छ, आणि अंगठीची एक रिकामी मखमली डबी. ती डबी त्याने उचलली, उघडून पाहिली.

"तुमचा साखरपुडा आहे?"

"रोज असतो. कधी कधी दिवसातून दोनदा."

तो हसला नाही, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मी सांगितलं, की मी नेरीना, फोटो काढते. जुलैत, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, शाळांना सुट्ट्या लागल्या की खालच्या शहरांतून जोडपी वर येतात. तळ्याकाठी, बर्फाने वाकलेल्या पेवेनच्या, म्हणजे आमच्या डोंगरी पाइनच्या, झाडांखाली तो गुडघ्यावर बसतो, ती तोंडावर हात धरते, आणि मी झाडामागून फोटो घेते.

"बर्फातच का?" त्याने विचारलं.

"थंडी वाजते म्हणून. लांबण लावता येत नाही. जे खरं असेल ते पटकन बोलावं लागतं."

त्याने डबी मिटून सीटवर ठेवली. मग हळूच म्हणाला, "मी एक साखरपुडा थांबवायला आलोय. माझ्या आईचा."

पेवेनिया हे लहान गाव. इथे पंचावन्नच्या पुढच्या, विधवा म्हणता येईल अशा आणि शहरात मुलगा असलेल्या बायका किती असणार? दोन्या ओतिलियाच. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने 'दोन्या' म्हणतात, पुरुषाला 'दोन'. बेकरीवाल्या दोन रुफिनोने शनिवारी तळ्यावरच्या उंचवट्यावर तिला मागणी घालायचं ठरवलं होतं, आणि फोटोसाठी मला सांगून ठेवलं होतं. माणूस इतका सरळ, की आधी तिच्या मुलाला फोन करून त्याची परवानगीही मागितली.

"गावात फोटो काढणारं दुसरं कुणी आहे?" त्याने विचारलं.

"नाही."

"म्हणजे तूच."

आमच्याकडे तिसऱ्या वाक्याला माणसं अरेतुरेवर येतात. आम्ही दोघं मात्र इतका वेळ अहोजाहोच करत होतो. तो पहिला 'तू' जरा टोचलाच.

"मीच," मी म्हटलं. "आणि मी शब्द दिलाय."

त्याचं नाव इस्माएल. त्याच्या वडिलांची गोष्ट मला ठाऊक होती. गावात नव्याने आलेल्या प्रत्येकाला ती कळतेच. सेगुंदो चुकलेल्या शेळ्या शोधायला डोंगरावर गेला आणि पांढरा वारा सुटला. वाऱ्यात बर्फ असा उडतो, की स्वतःचा हातही दिसत नाही. शेळ्या परतल्या. सेगुंदो परतला नाही, आणि पुढे कधी सापडलाही नाही. याला दहा-अकरा वर्षं झाली. तेव्हा इस्माएल सतरा वर्षांचा होता. पुढे तो नेउकेन शहरात शिकायला गेला, तिथेच सहावीच्या मुलांना गणित शिकवायला लागला. आईला भेटायला यायचा तो उन्हाळ्यात, डोंगर हिरवे असताना.

त्या रात्री घाटरस्ता बंद झाला. त्याची गाडी तर अडकलेलीच होती. आईला तो "सुट्टी आहे म्हणून आलो" एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी रोसारिओहून आलेल्या एका जोडप्याला घेऊन तळ्यावर गेले, तर हा वाटेत उभा. हात खिशात, डोक्यावर वडिलांची असावी तशी जुनी लोकरी टोपी.

"मदत हवी का?"

"साखरपुडे मोडणाऱ्यांची नको."

"मी एकच मोडायला आलोय. बाकीच्यांचं माझ्याशी काही वाकडं नाही."

मी त्याच्या हातात रिफ्लेक्टर दिला. जोडप्यातला मुलगा लाकडासारखा ताठ उभा होता. प्रत्येक फोटोत पासपोर्टसाठी बसल्यासारखा चेहरा. मी सांगून दमले. शेवटी इस्माएल त्याला म्हणाला, "तिच्या कानात सतराचा पाढा म्हण. न अडखळता."

सतरा चोकला गडी अडला. मुलगी खुदकन हसली, तो तिच्या हसण्याला हसला, आणि वरच्या फांदीवरून बर्फाचा गोळा दोघांच्या मधोमध पडला. त्या हिवाळ्यातला माझा सगळ्यात चांगला फोटो तो. नंतर कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याला तो दाखवताना आमचे खांदे टेकले, आणि फोटो बघून झाला तरी ते तसेच राहिले.

"तुझ्या पापण्यांवर बर्फ आहे," तो म्हणाला.

"असू दे. वितळेल."

"हो... बघतोय, कधी वितळतोय ते."

काम आटपल्यावर आम्ही पिकअपमध्ये माते, म्हणजे आमच्याकडचा कडवट पाल्याचा चहा, प्यायला बसलो. मी पेल्यात गरम पाणी ओतायचं, त्याने नळीने प्यायचं, पेला परत द्यायचा, मग माझी पाळी. आमच्याकडे पेला परत करताना 'धन्यवाद' म्हटलं, की त्याचा अर्थ पुरे, आता नको. तो काही तसं म्हणेना.

"पाणी संपलं," मी थर्मास उलटा करून दाखवला.

"दिसतंय मला."

"मग पेला दे. आणि धन्यवाद म्हण."

"नको."

"अरे, पाणीच नाही तर—"

"पण मला पुरे झालेलं नाही," तो म्हणाला, आणि रिकामा पेला दोन्ही हातांत धरून बसला.

मी खिडकीबाहेर बघितलं. मी मूळची सपाट मुलखातली, ओलावारियाची. बावीस वर्षांची होईपर्यंत मी बर्फ पाहिला नव्हता. पहिल्यांदा पाहिला तेव्हा जे वाटलं होतं, तसंच काहीसं त्या क्षणी छातीत झालं.

पुढचे दोन दिवस तो रोज आला. बर्फाला हात लावायला लागला. आधी चिमूट, मग मूठ. एकदा पेवेनच्या बुंध्याशी उभं राहून म्हणाला, "बाबा मला या झाडाखाली बिया वेचायला आणायचा. चुलीत भाजायचो. बोटं काळी व्हायची." आणि मग, डोंगराकडे न बघता, "आमच्या घरी त्याचा जाड कोट अजून दाराशी टांगलेला आहे, माहितेय? तो गेला असं कुणी म्हटलंच नाही कधी. आईने नाही, मी नाही. पाद्री आला होता, त्यालाही आईने परत पाठवलं. आणि आता ती अंगठी घालणार. म्हणजे... बर्फात उभं राहून, फोटो काढून, सगळ्यांना सांगणार की तो मेला."

"ती तसं सांगणार आहे का?"

"दुसरा अर्थ काय होतो?"

"तिला विचारलंस?"

त्याने टोपी कानांवर ओढली.

"इस्माएल, येऊन इतके दिवस झाले. तिला विचारलंस का?"

"तू फक्त शनिवारी येऊ नकोस," तो म्हणाला. "रुफिनोला सांग, आजारी आहे. फोटोवाली नाही म्हटल्यावर तो पुढे ढकलेल. एवढंच कर माझ्यासाठी."

'माझ्यासाठी' हा शब्द त्याने असा उच्चारला, की कबूल करावंसं वाटलं. खरंच वाटलं.

"नाही," मी म्हटलं.

"तुला काय त्याचं? तुझ्यासाठी बर्फ म्हणजे मागचा पांढरा पडदा. माणसं पुढे उभी करायची आणि बटण दाबायचं."

मी कॅमेरा पिशवीत ठेवला, चेन लावली. हातमोज्यांची टोकं मी बटणासाठी कापलेली असतात. उघडी बोटं अचानक फार गार वाटली.

"चालत जा घरी," मी म्हटलं. "रस्ता ठाऊक आहे तुला."

तो गेला. त्याच्या पाठीकडे मी पार वळणापर्यंत बघत राहिले, आणि स्वतःवरच चिडले.

शुक्रवारी दुपारी दोन्या ओतिलिया माझ्या दारात उभी. लहानखुरी बाई, गालांवर वाऱ्याने कोरलेल्या रेषा, हातात फडक्यात बांधलेल्या गरम तोर्ता, तळलेल्या जाड पुऱ्यांसारख्या. चुलीजवळ बसली, आणि सरळ विचारलं, "उद्या मी काय घालू?"

मी गोंधळले. "उद्या... काय आहे?"

"पोरी, रुफिनो तीन दिवस पावात मीठ घालायला विसरतोय. अख्ख्या गावाला कळलंय काय आहे ते." तिने तोर्ता पुढे केली. "निळी शाल घालू, की तपकिरी?"

"निळी. बर्फात निळी उठून दिसते."

ती मान हलवत बसली. मग म्हणाली, "इस्मा तुझ्याबरोबर फिरतो. घरी आला की चेहऱ्याला जरा रंग असतो. कालपासून नाहीये. भांडलात?"

"तो... त्याला हे नको आहे, दोन्या ओतिलिया."

"ठाऊक आहे मला. दाराशी टांगलेल्या कोटाला येता-जाता हात लावतो. माझ्याकडे बघतो आणि बोलत नाही. बापासारखाच." ती चुलीतल्या निखाऱ्यांकडे बघत होती. "दर वसंतात बर्फ वितळला, की मी ओढ्याच्या काठाने वर जायची. सेगुंदोचं काहीतरी सापडेल म्हणून. बूट, पट्टा, काहीही. पहिल्या वर्षी गावातले सगळे आले. दुसऱ्या वर्षी चार जण. तिसऱ्या वर्षी मी दार उघडलं तर एकटा रुफिनो उभा होता, काठी घेऊन. काही बोलला नाही. माझ्या मागे चालत राहिला. तेव्हापासून दर वर्षी येतो. माझ्या नवऱ्याला शोधायला येतो गं तो. मला सांग, असा माणूस कुठे मिळतो?"

मी चुलीत एक लाकूड सारलं.

"हे इस्माला सांगितलंत?"

"कसं सांगू? तू नव्हतास तेव्हा दुसरं कुणी होतं, असं आईने मुलाला म्हणायचं? तो पळून गेला म्हणून मी त्याला दोष देत नाही. सतरा वर्षांचं पोर, रोज खिडकीशी उभं राहायचं. मीच म्हटलं, जा."

"तुम्ही दोष देत नाही," मी म्हटलं, "पण तो स्वतःला देतो. सांगा त्याला. आजच."

तिने माझा हात हातात घेतला. तिचा तळवा खरखरीत होता, आणि गरम.

शनिवारी आभाळ निवळलं. तळं काळंनिळं, पलीकडचे डोंगर पांढरे. मी उंचवट्यावरच्या झाडामागे उभी होते. रुफिनो आधीच आला होता. नवं जॅकेट, तेल लावून बसवलेले केस, आणि भीतीने पिठासारखा पांढरा चेहरा.

"मुलाने काही कळवलं?" त्याने मला विचारलं.

"नाही."

"तो नको म्हणाला, तर मी विचारणार नाही. नुसती भेट म्हणून फोटो काढू. चालेल?"

"चालेल, दोन रुफिनो."

तेवढ्यात वाटेवर निळी शाल दिसली. तिच्या शेजारी इस्माएल होता. वाट निसरडी होती, त्याने आईचा दंड धरला होता. त्याचे डोळे सुजलेले होते. आणि त्याच्या अंगात एक जाड, जुना, कोपरांवर ठिगळ लावलेला कोट होता, जो मी आधी कधी पाहिला नव्हता.

रुफिनोने कोट ओळखला. त्याने टोपी काढली.

ओतिलिया त्याच्यासमोर येऊन थांबली. तो गुडघा वाकवायला लागला तशी म्हणाली, "थांब जरा, रुफिनो. आधी एक काम आहे."

तिने डोंगराकडे तोंड केलं. मोठ्याने नाही, शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तशी बोलली. "सेगुंदो. पुष्कळ शोधलं तुला. शेळ्या परत आल्या होत्या, तुला कळावं म्हणून सांगते. पोरगा मोठा झालाय. मास्तर आहे." ती मुलाकडे वळली. "पुढचं मला म्हणता येत नाही, इस्मा."

मी कॅमेरा केव्हाच खाली केला होता.

इस्माएलने आईचा दंड सोडला. वाऱ्याने फांदीवरचा बर्फ भुरभुरत होता. त्याने डोंगराकडे सरळ पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"बाबा गेला, आई," तो म्हणाला. "त्याच दिवशी गेला."

आणि मग तो रडला, आईच्या खांद्यावर, वाकून, कारण ती त्याच्या छातीलाही पुरत नव्हती. रुफिनो टोपी हातात धरून बाजूला उभा होता. त्याच्या नाकावरून पाणी गळत होतं, ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. शेवटी इस्माएलच त्याच्याकडे गेला. हात पुढे केला. मग हात पुरेना म्हणून मिठी मारली.

"आई म्हणाली, तुम्ही दर वर्षी जाता."

"जातो," रुफिनो म्हणाला. "चांगला माणूस होता तो."

"आता विचारा तिला. थंडी वाजतेय."

रुफिनोने विचारलं. काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, आणि ओतिलियाने तोंडावर हातबित काही धरला नाही. तिने नुसती मान हलवली आणि बोट पुढे केलं. मी फोटो घेत होते, पण डोळ्यांतल्या पाण्याने मला नीट दिसत नव्हतं. रुफिनोला नंतर उठता येईना. गुडघा अडकला. दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून त्याला उभा केला, आणि ओतिलिया हसायला लागली. पोट धरून, तरण्या मुलीसारखी. तिला असं हसताना गावात बऱ्याच वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

ती दोघं खाली बेकरीकडे निघाली. इस्माएल मागे राहिला.

"मी वाईट बोललो तुला."

"बोललास."

"पांढरा पडदा वगैरे."

"पाठ आहे मला."

"तू आईला सांगितलंस, आजच बोला म्हणून. तिने सांगितलं मला." तो बुटाने बर्फ उकरत होता. "रस्ता उद्या उघडतोय. सुट्टी संपली. पोरं वाट बघत असतील... म्हणजे, वाट बघत नसतील, पण येतील."

"जा मग."

"नेरीना."

"काय?"

"तुझ्यासमोर रोज कुणी ना कुणी गुडघ्यावर बसतं. तुला काय म्हणावं, मला सुचत नाही. सगळं ऐकून झालेलं असणार तुझं."

"माझ्यासाठी म्हटलेलं एकही नाही," मी म्हटलं. आवाज मला वाटला होता त्याहून बारीक निघाला.

तो जवळ आला. गुडघ्यावर बसला नाही. माझे दोन्ही हात त्याने त्या जुन्या कोटाच्या खिशांत घातले, एक एका खिशात, एक दुसऱ्या खिशात, त्यामुळे मला त्याला टेकूनच उभं राहावं लागलं.

"मला तू आवडतेस," तो माझ्या टोपीत बोलला. "गाडीची काच वाजवलीस तेव्हापासून. उतरायची भीती वाटत होती, आणि वाटलं, ही उभी आहे बाहेर, तर उतरून बघू."

मी त्याच्या गळ्याशी तोंड लपवलं. तेवढं त्याला पुरलं असावं, कारण तो बराच वेळ हलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला नवं चाक बसवलेल्या गाडीपर्यंत सोडलं. साखळ्या मीच लावल्या. निघताना त्याने काच खाली केली.

"ऑक्टोबरात बर्फ वितळतो. आई आणि रुफिनो ओढ्याकाठाने वर जातील. सापडणार काही नाही, त्यांनाही ठाऊक आहे. पण जातील. या वर्षी मीही येणार आहे." तो थांबला. "तू येशील? आमच्या घरची म्हणून?"

"कॅमेरा आणू?"

"नको," तो म्हणाला. "वाट अवघड आहे. हात धरून चालावं लागतं."

ऑक्टोबरात आम्ही चौघं वर गेलो. ओढा भरून वाहत होता, काठावरच्या गवतातून अजून पाणी झिरपत होतं. पुढे रुफिनो काठी टेकत, त्याच्या मागे ओतिलिया, मग आम्ही. काही सापडलं नाही. वर पोचल्यावर ओतिलियाने फडकं सोडून सगळ्यांना पाव वाटला; त्यात मीठ अगदी बरोबर पडलं होतं. इस्माएलने एक तुकडा मोडून दगडावर ठेवला, वडिलांसाठी. मग माझा हात पुन्हा हातात घेतला आणि उतरायला लागला.